नर्सिंगचं शिक्षण, कर्ज आणि काम : मराठवाड्यातल्या मुलामुलींनी कसं जमवायचं

नर्सिंगची फी भरायची वेळ येते ती पावसाळ्यात. त्या वेळी घरातला पैसा बियाणं, खत आणि फवारणीत गेलेला असतो. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर हातात येतं, कापूस त्याच्याही नंतर. परभणी असो, हिंगोली, बीड किंवा धाराशिव, शेतकऱ्याच्या घरात हे असंच असतं. मग कुणी सावकाराकडे जातं, कुणी मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज उचलतं, आणि कुणी पहिल्याच महिन्यात एखाद्या दवाखान्यात रात्रपाळी धरतं.

मी बी.एस्सी. नर्सिंग शैक्षणिक कर्ज काढून आणि सोबत काम करून केलं. आज स्टाफ नर्स आहे. गावाकडच्या मुली प्रवेशाच्या दिवसांत फोन करतात आणि तेच प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगते ते इथे ओळीनं लिहिते.

सगळ्यात आधी हे पक्कं करा : फी शिष्यवृत्तीतून आणि कर्जातून जाऊ द्या. कामाच्या पैशातून महिन्याचा खर्च भागवा, आणि उरले तर व्याज भरा. कामाच्या पैशातून फी भरायला गेलात की कामाचे तास वाढतात आणि हजेरी बुडते. नर्सिंगमध्ये बुडालेली हजेरी कुठल्याही व्याजापेक्षा महाग पडते. कशी, ते सहाव्या पायरीत सांगते.

१. पैशाच्या आधी कॉलेज तपासा

कॉलेज चुकीचं निघालं तर कर्जही मिळत नाही, शिष्यवृत्तीही नाही. बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा कोर्स तीन वर्षांचा आणि ए.एन.एम. (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) दोन वर्षांचा, त्यांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. कुठलाही कोर्स असला तरी महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि भारतीय परिचर्या परिषद यांच्या मान्यतेची पत्रं कॉलेजकडून मागून घ्या. भिंतीवर लावलेला फ्रेममधला कागद चालणार नाही. चालू वर्षाची झेरॉक्स हातात पाहिजे, कारण बँक तीच मागते.

बारावीच्या निकालानंतर गावोगाव एजंट फिरतात. "कॉलेजला जायची गरज नाही, फक्त परीक्षेला या, घरबसल्या जी.एन.एम." असं सांगतात. बऱ्याचदा हे कॉलेज दुसऱ्या राज्यात असतं. याला नॉन-अटेंडिंग म्हणतात. काम आणि शिक्षण दोन्ही जमवायचं आहे म्हणून हा रस्ता सोपा वाटतो, पण वॉर्डात उभं न राहता मिळवलेला कागद नोंदणीच्या वेळी अडतो, आणि तोवर दोन-तीन लाख गेलेले असतात. शिवाय पेशंटच्या हाताला सुई लावायची कशी हे आलेलंच नसतं. त्या रस्त्याला जाऊ नका.

खासगी कॉलेजची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. प्रवेशाच्या आधी तो आकडा लिहून ठेवा. त्यावर जो पैसा "डेव्हलपमेंट" म्हणून पावतीशिवाय मागितला जातो, त्यावर बँक कर्ज देत नाही. तो खिशातूनच जातो.

२. फुकट मिळणारा पैसा आधी, उसना नंतर

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरल्याशिवाय बँकेत जाऊ नका. किती फी माफ होणार ते कळल्यावरच कर्जाचा आकडा ठरतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी-माफीची योजना, बघा. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्ग यांच्या योजना वेगवेगळ्या विभागांच्या असल्या तरी अर्ज याच पोर्टलवर होतात. खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे.

मुलींसाठी मोठा फरक २०२४-२५ पासून पडला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मं होतं. मात्र जागा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातली जागा यात बसत नाही. म्हणून एखादं कॉलेज "थेट ॲडमिशन देतो, सीईटीच्या फेऱ्यांत कशाला अडकता" म्हणालं तर आधी हिशोब करा. त्या एका होकारापायी चार वर्षांची फी-माफी जाते.

राहण्याजेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यातली एक लागू झाली तरी महिन्याचं काम निम्म्यावर येतं. आरोग्य विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाच्याही योजना आहेत. कमवा व शिका आणि पुस्तक पेढी यांबद्दल कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांना जाऊन विचारा. सूचना फलकावर त्या लागतीलच असं नाही.

दोन अडचणी इथे नेहमी येतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असलं तर रक्कम तिकडे जाते किंवा अडकते, म्हणून बँकेत जाऊन खात्री करा. आणि पैसे उशिरा येतात, कधी कधी पुढच्या वर्षी. त्या भरवशावर कुणाकडून हातउसने घेऊ नका.

३. एक फाईल, तिचे तीन संच

कागदाला वेळ लागतो तो तहसीलमध्ये, बँकेत नाही. म्हणून निकालाची वाट न बघता मे महिन्यातच सुरुवात करा.

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, सीईटीचं गुणपत्रक, जागावाटप पत्र
- कॉलेजचं प्रवेशपत्र, बोनाफाईड आणि लेटरहेडवर वर्षवार फी (हॉस्टेल, गणवेश, परीक्षा शुल्क यांसह)
- दोन्ही परिषदांच्या मान्यतेच्या प्रती
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर
- विद्यार्थी आणि पालक दोघांचं आधार आणि पॅन
- पालकांच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, सातबारा आणि आठ-अ
- बारावीनंतर वर्ष रिकामं गेलं असेल तर त्याचं शपथपत्र
- वडिलांचं जुनं पीककर्ज फिटलेलं असेल तर बेबाकी (बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये काढलेला दाखला जुलैत चालत नाही, हे दरवर्षी कुणा ना कुणाला सेतूच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

मूळ कागद कॉलेजला, बँकेला किंवा दवाखान्याला ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा, पडताळू द्या, परत घ्या. प्रवेशाच्या वेळी काही मूळ कागद जमा करावेच लागले तर कोणकोणते दिले याची सही-शिक्क्याची पोच घ्या.

४. बँकेत जाताना

विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर एकाच अर्जात तीन बँकांना अर्ज करता येतो. तो आधी करा आणि त्याची प्रत घेऊन शाखेत जा. तोंडी विचारणा केली की तोंडी नकार मिळतो. अर्ज नोंदलेला असला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

नियम थोडक्यात असे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. केंद्राच्या पतहमी निधीत (कर्ज बुडालं तर बँकेला हमी देणारा निधी) बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा तिसऱ्याचा जामीन लागत नाही. आई, वडील किंवा पालक सहकर्जदार मात्र लागतातच. चार लाखांपर्यंत आपल्या पदरचा हिस्सा भरावा लागत नाही, त्यावर देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के. देशातल्या शिक्षणाच्या कर्जावर प्रक्रिया शुल्कही नसतं. मुलींना बऱ्याच बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, ती मागून घ्यावी लागते.

"तुमचं गाव आमच्या शाखेत येत नाही" हे कारण चालत नाही. शैक्षणिक कर्जाला सेवा क्षेत्राची अट लावून अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे. शाखेत शांतपणे एवढंच म्हणा : "साहेब, नकार असेल तर कारण लिहून द्या." नकार द्यायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घेऊन, कारणासह कळवायचा असतो. अर्जाचा निकालही साधारण पंधरा दिवस ते एक महिन्यात लागायला हवा. तरीही फिरवत राहिले तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण, वडिलांचं पीककर्ज. दुष्काळात, अतिवृष्टीत ते थकलेलं असतं, आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचं नाव टाकलं की सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल) ते दिसतं. २०१७ च्या किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बसलेलं खातंसुद्धा कधी कधी अहवालात थकीतच राहिलेलं असतं, कारण नोंद दुरुस्त केलेली नसते. म्हणून अर्जाच्या दोन महिने आधी वडिलांचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. खातं माफ झालं असेल तर त्या बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी घ्या आणि दुरुस्तीचा अर्ज टाका. खरोखर थकीत असेल तर आई किंवा नोकरीतला मोठा भाऊ सहकर्जदार चालेल का, हे अर्ज भरण्यापूर्वी विचारा. आईबापाला यात खाली मान घालायला लावू नका. पीक बुडाल्यानं थकलेलं कर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, आणि शाखेत तसं कुणी बोललं तर तुम्ही त्यांच्या बाजूनं उभं राहा.

मंजुरीच्या वेळी फक्त शिकवणी फी लिहू नका. हॉस्टेल, पुस्तकं, गणवेश, उपकरणं, परीक्षा शुल्क, गरज असेल तर संगणक, हे सगळं कर्जात बसतं. मंजूर रक्कम पूर्ण उचललीच पाहिजे असं नाही, पण मंजुरीत नसलेला खर्च मधेच वाढवून मिळणं अवघड. कर्जासोबत बचतीची विमा पॉलिसी घ्या म्हणून आग्रह झाला तर नाही म्हणा. कर्जापुरता मुदत विमा वेगळा आणि वर्षाला हप्ता मागणारी पॉलिसी वेगळी.

५. व्याजाचं गणित वहीत मांडा

समजा दरवर्षी ७५ हजार, चार वर्षांत तीन लाख उचलले, आणि दर दहा टक्के आहे. कोर्स संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, सरळव्याजानं. पहिले ७५ हजार पाच वर्षं राहतात, त्यावर ३७,५०० रुपये. दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर ३०,०००, तिसऱ्या वर्षाच्या २२,५००, चौथ्याच्या १५,०००. एकूण १,०५,०००. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज तीन लाख नसून ४,०५,००० असतं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ५,३५० रुपये.

हेच व्याज शिकताना भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिन्याला ६२५ रुपये, दुसऱ्या वर्षी १,२५०, तिसऱ्या वर्षी १,८७५, पुढे २,५००. मग हप्ता सुरू होताना कर्ज तीन लाखच राहतं आणि हप्ता सुमारे ३,९६५ येतो. सगळं मिळून साठ हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय या काळात व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूट देतात. पहिल्या वर्षाचं महिन्याचं ६२५ रुपये व्याज एका शिकवणीत निघतं.

पण त्याआधी केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसता का ते बघा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर कोर्सचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज केंद्र सरकार भरतं. नर्सिंगसाठी अट परिचर्या परिषदेच्या मान्यतेची आहे, म्हणून पहिल्या पायरीत त्या पत्रांवर एवढा भर दिला. हे अनुदान आपोआप येत नाही. मंजुरीच्याच वेळी उत्पन्नाचा दाखला जोडून तसा अर्ज द्या, आणि शाखेनं दावा पाठवला का हे दरवर्षी विचारा. वैद्यकीय कारण नसताना कोर्स मधेच सोडला तर अनुदान जातं. अनुदान मिळत असेल तर शिकताना व्याज भरायची गरज नाही, तो पैसा पोस्टात आवर्ती ठेवीत टाका. ओबीसी विद्यार्थ्यांनी राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही तपासावी.

सावकार, गल्लीतले फायनान्सवाले आणि मोबाइल ॲप यांच्याकडे फीसाठी जाऊ नका. घाईत थोडी रक्कम हवीच असेल तर आईच्या बचत गटातून घेतलेलं कर्ज या सगळ्यांपेक्षा बरं.

६. काम धरण्याआधी हजेरी समजून घ्या

बी.एस्सी. नर्सिंग आता सत्र पद्धतीनं चालतं. वीस आठवड्यांचं सत्र, आठवड्याला चाळीस तास. परीक्षेला बसायला थिअरीत ८० टक्के आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाचे तास १०० टक्के पूर्ण व्हावे लागतात. म्हणजे सत्रात चार आठवड्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की परीक्षा गेली. हजेरी विषयवार धरली जाते, त्यामुळे सोमवारचा एकच तास सारखा बुडवला तरी तो विषय अडतो. राहिलेलं पोस्टिंग (वॉर्डातली ड्यूटी) सुट्टीत भरून काढावं लागतं, जेव्हा बाकीच्या मुली गावाला गेलेल्या असतात.

सत्र किंवा वर्ष मागे पडलं तर काय होतं, तेही मांडून बघा. पुन्हा फी, पुन्हा हॉस्टेल, शिष्यवृत्तीला खीळ, कर्जावर वाढीव वर्षाचं व्याज, आणि नोकरी वर्षभर पुढे. बँक कोर्स लांबल्यावर मुदत वाढवून देऊ शकते, व्याज मात्र थांबवत नाही. रात्रपाळीत वर्षभर मिळालेला पैसा या खर्चापुढे कुठेच पुरत नाही.

७. कोणतं काम, किती काम

पहिल्या सत्रात काम धरू नका. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, इंग्रजीतली पुस्तकं, वॉर्डात पहिल्यांदा उभं राहणं, हे सगळं एकदम अंगावर येतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर जास्तच. दुसऱ्या सत्रापासून आठवड्याला दहा-बारा तास पुरेत. परीक्षेच्या आधीचा महिना शून्य. हे माझं मत आहे, पण सोबतच्या मुलींना पाहून बनलेलं आहे.

जमण्यासारखी कामं : संध्याकाळच्या शिकवण्या (आठवी ते दहावीचं विज्ञान आणि गणित), दवाखान्याच्या किंवा पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर दोन-तीन तास, मेडिकल स्टोअरमध्ये बिलिंग, रविवारच्या शिबिरात नोंदणी, संगणकावर टायपिंग. शिकवण्या सगळ्यात चांगल्या, कारण वेळ आपल्या हातात राहते आणि पोस्टिंग बदललं की तासही बदलता येतो.

घरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटची सोबत करणं यालाही मागणी आहे. अंघोळ घालणं, जेवू घालणं, फिरवणं, रात्री जवळ झोपणं. काम कष्टाचं आहे आणि शिकवणारंही. पण घर, माणसं, रस्ता, परत यायची सोय हे सगळं आधी बघा. कुणाच्या तरी ओळखीनं जा, आणि पत्ता मैत्रिणीकडे आणि हॉस्टेलच्या वॉर्डनकडे लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छोट्या दवाखान्यांना नोंदणीकृत सिस्टर परवडत नाहीत. नर्सिंगची विद्यार्थिनी आहे म्हटलं की ते खूश होतात, पांढरा कोट देतात आणि म्हणतात, "सलाइन लाव, इंजेक्शन दे, तुला शिकायलाही मिळेल." पैसेही रिसेप्शनपेक्षा जास्त देतात. हे काम घेऊ नका. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ नुसार नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कॉलेजच्या पोस्टिंगमध्ये तुम्ही शिक्षकांच्या आणि इन्चार्ज सिस्टरच्या देखरेखीखाली असता, चूक होण्याआधी कुणीतरी हात धरतं. छोट्या दवाखान्यात रात्री दोन वाजता तुम्ही एकट्या असता. चुकीचं औषध गेलं, पेशंटला रिॲक्शन आली, तर आधी जीव त्या माणसाचा जातो, आणि नंतर दवाखाना तुमच्याकडे बोट दाखवतो. सरळ सांगा : "सर, माझं रजिस्ट्रेशन झालेलं नाही. मी काउंटरचं काम करीन, हे नाही." तेवढ्यावरून काम गेलं तर जाऊ द्या.

कुठलंही काम धरताना तीन गोष्टी लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर : तास, पैसे, पगाराची तारीख. उचल घेऊ नका. ऊसतोडीची उचल आपल्या बीड-जालन्याच्या घराघरांत माहीत आहे. एकदा घेतली की फिटेपर्यंत सुटका नसते. "फी आम्ही भरतो, शिकल्यावर पाच वर्षं आमच्याकडेच काम करायचं" असा करार पुढे आला तर सही करण्याआधी पगार किती, मधेच सोडलं तर भरपाई किती, मूळ कागद कुणाकडे राहणार, हे वाचून घ्या. समजलं नाही तर कॉलेजच्या मॅडमना दाखवा.

आणि हिपॅटायटिस-बीची लस. पोस्टिंग सुरू होण्याआधी तिन्ही डोस, ०, १ आणि ६ महिने असे घ्या. कॉलेज देत असेल तर उत्तम, नसेल तर स्वतः.

८. महिन्याचा खर्च

दोन खाती ठेवा. एकात शिष्यवृत्ती आणि कर्जाशी संबंधित पैसा, दुसऱ्यात कामाचा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा मासिक पास. कॉलेज तासाभराच्या अंतरावर असेल तर हॉस्टेलऐवजी येऊन-जाऊन करावंसं वाटेल, पण सकाळच्या पोस्टिंगला पहिली गाडी चुकली की हजेरी गेली. निदान क्लिनिकल जास्त असलेल्या सत्रात जवळ राहा. पुस्तकं सीनियरकडून घ्या. नव्या आवृत्तीचा हट्ट धरू नका, पण औषधशास्त्राचं पुस्तक फार जुनं नको.

घरचे पैसे मागतील. तुमचा पहिला पैसा आला की कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न पुढे उभं राहतं. व्याजाचा आकडा घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे नाही म्हणताना कारण द्यावं लागत नाही.

९. आधीच नोकरीत असाल तर

जी.एन.एम. करून नोकरी करणाऱ्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा कोर्स असतो. तो पूर्णवेळ आहे. खासगी नोकरीत "रात्री ड्यूटी, दिवसा कॉलेज" असं ठरवून प्रवेश घेणाऱ्या बऱ्याच जणी दुसऱ्या वर्षी एक तरी गोष्ट सोडतात. कायम पाळी बदलत राहणार असेल तर आधी रजेचं किंवा अर्धवेळेचं लेखी बोला. शासकीय सेवेत असाल तर विभागामार्फत अर्ज करा आणि परवानगीचा आदेश हातात आल्याशिवाय प्रवेश पक्का करू नका.

१०. कोर्स संपताना आणि हप्ता सुरू होताना

निकाल लागला की लगेच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करा. नोंदणीशिवाय चांगली नोकरी मिळत नाही, आणि हप्ता नसलेलं ते एक वर्ष धावत संपतं. त्याच वर्षात स्पर्धा परीक्षांची तयारी ठेवा : एम्सची नॉरसेट (नर्स भरतीची परीक्षा), राज्याच्या अधिपरिचारिका भरती, समुदाय आरोग्य अधिकारी पदं. पहिली नोकरी तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात घेतली तर पगारातून हप्ता निघणं कठीण जातं. जमत असेल तर छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या रुग्णालयांत किंवा पुण्या-मुंबईत दोन वर्षं काढा. नॉरसेटला जी.एन.एम.वाल्यांकडे पन्नास खाटांच्या रुग्णालयाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही तिथे होतो.

हप्ता सुरू होण्याच्या दोन महिने आधी शाखेत जा, वाट बघत बसू नका. नोकरी लागली नसेल किंवा पगार कमी असेल, तर ते लेखी कळवा. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ता मागता येतो, बेकारीच्या काळात हप्त्याला मुदतही मागता येते. फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळू शकते. न सांगता हप्ते बुडवले आणि ९० दिवस उलटले की खातं बुडीत धरलं जातं. मग सहकर्जदार म्हणून वडिलांचंही नाव खराब होतं, आणि पुढच्या खरिपाला त्यांचंच पीककर्ज अडतं. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेवून घ्या.

दिवाळीत घरून किंवा बोनसमधून जादा पैसा आला तर मुद्दलात भरा आणि तो मुद्दलातच जमा झाल्याची नोंद उताऱ्यावर बघा. आयकर भरण्याइतका पगार झाला, तर जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, त्यासाठी बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र घ्या. शेवटचा हप्ता फिटला की बेबाकी प्रमाणपत्र मागा, आणि दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून खातं बंद झाल्याची नोंद आली का ते तपासा, तुमच्याही आणि सहकर्जदाराच्याही नावावर.